पुरलेलं नाव

बकरा खुंट्याला बांधला होता, वस्तरा धुऊन ठेवला होता, शेजारच्या दोन जाणत्यांना निरोपही गेले होते. एवढं सगळं झाल्यावर वांगेची म्हणाली, "आधी मुलांना गाडीतून जनावरं दाखवून आणा. मग करा काय ते."

परसालोईने काठी जमिनीला टेकवली आणि थोरल्या मुलाकडे पाहिलं. सुनेचं बोलणं त्याला नीट कळलं होतं. जन्मभर गोऱ्या पाहुण्यांना फिरवलेला माणूस तो, त्याला कोणती भाषा अडणार? पण एखादी गोष्ट नको असली की तो असाच मुलाकडे बघायचा. मध्ये दुभाष्या लागतो असं सोंग घ्यायचा.

"दाखवून म्हणजे?" तिपापेने विचारलं.

"पाहुण्यांना दाखवता तसं. सिंह, हत्ती, जे भेटेल ते. आणि यांचा बाप जिथे पडला ती जागा."

सासू नोलारी चुलीशी दूध तापवत होती. तिने मान वर केली नाही, पण तिचा हात थांबला.

"या घरची गाडी लहान पोर घेत नाही," म्हातारा आता सरळ सुनेशी बोलला. "सहा वर्षं झाली. पाहुण्यांनी कितीही हातापाया पडू दे, आम्ही सांगतो, पोरं मोठी झाली की या."

"पाहुण्यांची नका घेऊ. ही काय पाहुणी आहेत?"

"ते अजून ठरायचंय," म्हातारा म्हणाला.

हे त्याने बोलायला नको होतं. पण आमच्या घरात जे बोलायला नको तेच आधी तोंडातून बाहेर पडतं, आणि जे बोलायला हवं ते वर्षानुवर्षं घशात राहतं.

आमच्यात, म्हणजे मासाईंत, मुलंबाळं मागे ठेवून माणूस गेला की त्याचं नाव पुढच्या पिढीत चालतं. पण बिनमुलाचा तरणा गेला की त्याचं नाव त्याच्याबरोबर पुरतात. घरातलं कुणी पुन्हा ते तोंडातून काढत नाही. नावाशी जुळणारा एखादा रोजचा शब्द असला तर तोही टाळतात, दुसरा शोधतात. परसालोईच्या धाकट्याला रानरेड्याने मारलं तेव्हा त्याचं नाव असंच पुरलं गेलं. त्या वेळी वांगेचीला दिवस गेलेले होते. नैरोबीला माहेरी तिला मुलगा झाला आणि तिने कुणाला न विचारता त्याला बापाचं नाव दिलं, कोइनेत. ती किकुयू जमातीची. तिच्या लोकांत गेलेल्याचं नाव पोराला दिलं की गेलेला घरी परत येतो. महिन्याचं पोर दुपट्यात गुंडाळून ती मोठ्या आशेने इथे आली, सासऱ्याच्या पुढ्यात त्याला ठेवलं, नाव सांगितलं. परसालोई उठला आणि गुरांमागे गेला. ती परत जाईपर्यंत तो घरी आला नाही.

आता त्यानेच निरोप धाडला होता. पोराला आणा, डोकं भादरू, नवं नाव ठेवू, मग तो आमचा. नाव ठेवल्याशिवाय त्याला आशीर्वाद नाही, आणि पुढे त्याच्या बरोबरीची पोरं विधीला उभी राहतील तेव्हा रांगेत जागा नाही. बापाची माणसं हवी असतील तर बापाचं नाव सोड, असा सरळ हिशेब होता. वांगेची नैरोबीत औषधांच्या दुकानात काम करायची. तिची आई मागच्या वर्षी गेली होती आणि पाठीशी उभं राहील असं दुसरं कुणी नव्हतं. महिनाभर रडली आणि हो म्हणाली.

"मी त्याला एकदा पुरलंय," ती आता म्हणाली. आवाज चढवला नाही. "उद्या माझ्याच पोराच्या डोक्यावर वस्तरा ठेवून दुसऱ्यांदा पुरायचं आहे. ठीक आहे, पुरते. पण काय पुरतोय ते पोराला दाखवा तरी. तो मोठा झाल्यावर मला विचारेल."

"बाबा, मी नेतो," तिपापे म्हणाला. "पहाटे नेतो, उन्हं चढायच्या आत आणतो. आपलीच जमीन, आपलीच गाडी. त्यात काय एवढं?"

"तुला कुणी विचारलं?"

"विचारलं नाही म्हणूनच बोलतोय. विचारता कधी?"

म्हाताऱ्याने काठी उचलली आणि तो गुरांच्या कुंपणाकडे चालू लागला. नाही म्हणाला नव्हता. आमच्या घरात त्यालाच हो समजतात.

*

तोवर कोइनेत बाहेरच्या फाटकात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला आपलं नाव सांगत होता. पाच वर्षांचं पोर. शाळेत नुकतंच शिकवलेलं, की मोठ्या माणसांना नमस्कार करावा आणि आपलं नाव सांगावं. पाण्याचे डबे घेऊन दोन बायका आल्या.

"माझं नाव कोइनेत."

एकीने खाली पाहिलं. दुसरीने डब्याचा पट्टा कपाळावर सारखा केला आणि ती भरभर पुढे गेली. मग एक गुराखी आला. तो हसला, पण नाव ऐकल्यावर हसू आवरून घेऊन गुरांमागे पळाला.

"इथल्या लोकांना ऐकू येत नाही," कोइनेतने बहिणीला सांगितलं.

नाईसिए आठ वर्षांची होती. आठ वर्षांच्या मुलींना घरातलं सगळं कळतं, फक्त कुणी सांगितलेलं नसतं. "येतं ऐकू," ती म्हणाली. "तुझं नाव त्यांना नको आहे."

"का?"

"बाबांचं आहे म्हणून."

"बाबा वाईट होते?"

"नव्हते. तू गप ना."

तिपापे गाडीचं चाक तपासत तिथेच बसला होता. त्याने ऐकलं. उठून तो पोराजवळ गेला, त्याला खांद्यावर घेऊन दोन चकरा मारल्या, माकडाचा आवाज काढून दाखवला, गाडीचा भोंगा वाजवू दिला. सगळं केलं, फक्त नावाने हाक मारली नाही. "ए शहरी माणसा," म्हणायचा. "ए नैरोबीचे साहेब." पोर खिदळत होतं. पण वांगेची दारातून बघत होती आणि तिला त्या खिदळण्याने बरं वाटेना.

संध्याकाळी तिने तिपापेला गाठलं. "पहाटे किती वाजता?"

"उजाडताना. स्वेटर घाला त्यांना, गारठा असतो." तो जरा घुटमळला. "नाईसिएची आई, जनावरं दाखवतो. ती जागा नको."

"तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात नेतो."

"गाडी नेतो म्हणालो."

"म्हणजे तुम्हीपण बाबांच्याच बाजूचे."

"मी कुणाच्याच बाजूचा नाही. मला गाडी चालवायची असते," तिपापे म्हणाला. तिला राग आला. त्याच्या बोलण्यात काहीतरी दडवलेलं होतं हे तिला कळलं, काय ते मात्र कळलं नाही.

*

पहाटे गाडीजवळ दोन आश्चर्यं झाली. एक म्हणजे म्हातारा आधीच पुढच्या सीटवर बसलेला होता, लाल चादर गळ्यापर्यंत ओढून. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. तो म्हणाला, "दिशा चुकेल हा." तिपापे त्या माळावर डोळे मिटून गाडी चालवू शकतो हे सगळ्यांना माहीत होतं.

दुसरं म्हणजे नोलारी. तिने दुधाचा तुंबा नाईसिएच्या हातात दिला, चादर सावरली आणि मागच्या दाराची कडी धरून वर चढायला लागली.

"तू कुठे निघालीस?" म्हाताऱ्याने मान वळवली.

"जनावरं बघायला."

"तुला जनावरं बघायची आहेत?"

"का, मला डोळे नाहीत? जगभरातून माणसं येतात बघायला. मीच तेवढी राहिले."

खरोखरच राहिली होती. नवरा गाडीवाला, दोन्ही मुलगे गाडीवाले, पण घरातल्या बाईला गाडीत बसवून सिंह दाखवावा हे कधी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तिच्याही आलं नव्हतं. जन्मभर तिने ही जनावरं हाकलली होती. त्यांच्यापासून वासरं राखली, पोरं राखली. पाणी भरायला जाताना वारा कुठून येतो ते बघत गेली. बसून, मांडीवर हात ठेवून त्यांच्याकडे बघायचं, हे तिला नवीन होतं.

सिंह लवकरच भेटले. चार माद्या आणि एक नर, पोट भरून पडलेले. तिपापेने गाडी इतकी जवळ नेली की माशा उडताना दिसत होत्या.

"हे असे लोळत असतात?" नोलारी हळूच म्हणाली. "यांच्यासाठी मी रात्री जागवल्या?"

"कोको, हळू," नाईसिएने आजीच्या तोंडावर हात ठेवला.

कोइनेत आईच्या कुशीत झोपून गेला होता. वांगेचीने त्याला हलवलं. त्याने एक डोळा उघडला, सिंह पाहिला, "झोपलाय," म्हणाला आणि स्वतःही झोपला. तिपापेला हसू आलं. लहान पोरांचं हे असंच असतं. आईबाप महिनोन्‌महिने स्वप्नं बघतात, आणि पोराला सिंह म्हणजे झोपलेलं कुत्रं वाटतं. नंतर गाडीजवळ एक शेणकिडा गोळा ढकलत चाललेला दिसला. त्याच्यासाठी मात्र हाच गडी अर्धा बाहेर लोंबकळला. त्याची चड्डी धरून ठेवावी लागली.

"गुका, त्याला गोळा घरी न्यायचा आहे?" त्याने पुढे बसलेल्या म्हाताऱ्याला विचारलं. गुका म्हणजे आजोबा, पण त्याच्या आईच्या भाषेत. म्हाताऱ्याला तो शब्द खड्यासारखा लागायचा.

"हो," म्हातारा म्हणाला.

"बायकोसाठी?"

"असेल."

"तुला माहीत नाही?"

"मी शेणकिडा नाही," म्हातारा म्हणाला आणि पाठीमागे सगळ्यांना हसू फुटलं. तो स्वतः हसला नाही, पण त्याचे खांदे जरा सैल झाले ते नोलारीने पाहिलं. त्याच्या पाठीकडे बघत तिने आयुष्य काढलं होतं. त्या पाठीवरून तिला सगळं वाचता यायचं.

पुढे जिराफ आले. सात-आठ असतील, बाभळींचे शेंडे खात.

"केवढे उंच!" नाईसिए म्हणाली.

तिपापेने घसा खाकरला. म्हातारा खिडकीतून दुसरीकडे बघू लागला. कोइनेत म्हणजे उंच. त्यामुळे तो शब्द या घरातून गेला होता. झाड असो, माणूस असो, जिराफ असो, इथे सगळे 'वर पोचणारे' म्हणत. पोरीला काय माहीत. तिने पुन्हा म्हटलं, "कोको, बघ ना, किती उंच."

"हो गं," नोलारी म्हणाली. मग थोडं थांबून, "उंच आहेत," म्हणाली.

शब्द तोंडातून गेल्यावर तिने नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं. काही झालं नाही. जिराफ खात राहिले.

*

"मम्मी, शू."

गाडी एका उताराच्या मध्यावर होती. डावीकडे गुडघाभर गवत, उजवीकडे हाकेच्या अंतरावर दाट झुडपं. तिपापेने सवयीने गाडी थांबवली, सवयीने दाराच्या कडीवर हात ठेवला आणि तो तसाच बसला. दिवसातून दहादा तो या दारातून उतरतो. आज त्याला कडी फिरवता येईना.

"तिपापे?" वांगेची म्हणाली. "त्याला लागली आहे."

"घरी जाऊन..."

"घरापर्यंत दम निघेल का पाच वर्षांच्या मुलाला? तुमच्या पाहुण्यांच्या पोरांना कधी लागत नव्हती?"

वांगेचीने दिराकडे पाहिलं, मग सासऱ्याच्या मानेकडे, मग सासूकडे. तिघांचेही चेहरे एकसारखे झाले होते. ती औषधांच्या दुकानात काम करते. वाईट बातमी दडवणारी माणसं रोज तिच्यासमोर उभी असतात.

"काय झालंय?" ती म्हणाली. "हीच का ती जागा?"

"नाही," तिपापे म्हणाला. "ती नदीकडे आहे. पण असंच होतं." तो समोरच्या काचेकडे बघत बोलत राहिला. "पाहुण्यांची मुलगी होती, एवढीच. तिला लागली. तो म्हणाला, बसा, मी आडोसा बघून येतो. झुडपामागे एकटा म्हातारा रेडा बसला होता. आवाजही केला नाही त्याने."

"मला सांगितलं, तो लोकांना पायी फिरवत होता."

"तसं सांगायचं ठरलं."

"कुणी ठरवलं?"

तिपापेने बापाकडे पाहिलं.

वांगेची हसली. ते हसणं ऐकवत नव्हतं. "शूसाठी," ती म्हणाली. "मी सहा वर्षं पोरांना सांगतेय, तुमचा बाप शूर होता, माणसं वाचवताना गेला. आणि तो एका पोरीच्या शूसाठी आडोसा शोधत होता." मग तिचा चेहरा मोडला. "हे तर त्याच्यासारखंच आहे. अगदी त्याच्यासारखं आहे. हे मला का नाही सांगितलं? हे मला आवडलं असतं."

नाईसिए आईचा हात धरून बसली होती. "बाबांनी त्या मुलीला आधी खाली उतरवलं नाही ना?" तिने विचारलं.

"नाही," तिपापे म्हणाला. "ती गाडीतच होती."

"मग वाचवलंच की."

हे आठ वर्षांच्या मुलीला सुचलं. सहा वर्षांत आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं.

तेव्हा नोलारी बोलली. नवऱ्याच्या पाठीशी बोलावं तशी, एकसारख्या आवाजात. "आडोसा बघायला तुम्ही शिकवलंत त्याला. बाकीचे गाडीवाले पोरांना चाकाशी बसवतात. तुम्ही म्हणायचात, आपल्या गाडीतलं पोर चारचौघांत उघडं बसणार नाही, आपली तेवढी रीत आहे. रीत चांगली होती. रेडा तिथे तुम्ही बसवला नव्हता. त्याबद्दल मी तुम्हाला कधी बोलले नाही आणि बोलणार नाही."

म्हातारा हलला नाही.

"पण नाव पुरायची घाई तुम्ही केलीत. ज्याला पोरं आहेत त्याचं नाव पुरतात का? ही पोर तेव्हा चालत होती. हा सुनेच्या पोटात होता. तुम्ही म्हणालात, तो अजून जाणत्यांत बसला नाही, तरण्यांतच मोडतो, पुरा. सगळ्यांनी माना हलवल्या. मी हलवली. मला वाटलं, या माणसाला ते नाव कानावर सोसवत नाही, तर राहू दे. त्याला सोसेल तेव्हा बघू. वाट बघून मी म्हातारी झाले. आता तुम्ही या पोराचं डोकं भादरणार आणि म्हणणार, चुकलं नव्हतंच काही."

"तू हे जाणत्यांसमोर बोलली असतीस," म्हातारा म्हणाला. त्याचा आवाज फाटल्यासारखा झाला होता.

"बाईला तिथे कोण बोलू देतं? इथे गाडीत कुणी अडवत नाही म्हणून बोलले."

"मम्मी," कोइनेत म्हणाला, "आता होईल."

*

परसालोईने दार उघडलं.

तिपापे "बाबा, मी जातो" म्हणाला, पण तोवर म्हातारा खाली उतरलाही होता. तो आधी तसाच उभा राहिला. वारा झुडपांकडून येत होता. त्यात धूळ होती, सुकलेलं गवत होतं, दूरच्या झेब्र्यांचा वास होता. रेड्याचा वास नव्हता. तरी तो काठीने गवत बाजूला सारत गाडीभोवती एक फेरी मारून आला. मग झुडपांकडे तोंड करून पुन्हा उभा राहिला. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं म्हातारा उगाच वेळ काढतोय. तो वेळ काढत नव्हता. त्या दिवशी मुलासोबत तो नव्हता, आणि त्या दिवसापासून रोज मनातल्या मनात तो हीच फेरी मारत आला होता, मुलाच्या दोन पावलं पुढे राहून.

मग त्याने मागचं दार उघडलं आणि हात पसरले. "ये."

पोर त्याच्या हातांत आलं. वजन लागलं त्याला. हे पोर त्याने कधीच उचललं नव्हतं.

"इथेच," त्याने त्याला मागच्या चाकाशी उभं केलं. "चाकावर कर."

कोइनेतने वर पाहिलं. "सगळे बघतायत."

"कुणी बघत नाही."

गाडीत तिघींनी तोंडं फिरवली. तिपापेने टोपी डोळ्यांवर ओढली.

पोराने चड्डी खाली केली आणि वाट पाहिली. काही झालं नाही. "येत नाही," तो म्हणाला.

"येईल. घाई नाही."

"लाज वाटते."

म्हातारा त्याच्या आणि झुडपांच्या मध्ये जाऊन उभा राहिला, त्याच्याकडे पाठ करून. चादर दोन्ही हातांनी पसरून धरली. "हा घे आडोसा," म्हणाला.

"गुका."

"काय?"

"तू मला हाक का मारत नाहीस? काका मला साहेब म्हणतो. तू काहीच म्हणत नाहीस. तुला माझं नाव येत नाही?"

परसालोईच्या समोर झुडपं होती. त्यात पाखरं उडत होती, बाकी काही हालत नव्हतं. त्याला बरंच काही सांगता आलं असतं. आमची रीत अशी आहे म्हणून सांगता आलं असतं. आज तुला दुसरं नाव मिळणार आहे, चांगलं, नवं कोरं, असंही सांगता आलं असतं. ते सगळं तो जाणत्यांसमोर बोलला होता आणि तिथे ते बरोबर वाटलं होतं. इथे मागे चड्डी गुडघ्यांवर आलेलं पोर उभं होतं आणि त्याने साधा प्रश्न विचारला होता.

"येतं," तो म्हणाला.

"मग म्हण."

म्हाताऱ्याने तोंड उघडलं. लहानपणी याच्या बापाला तो संध्याकाळी गुरांमागून हाक मारायचा, पहिला अर्धा भाग हळू आणि मागचा लांबवून. ती हाक अजून तशीच घशात होती. तिला वाट सापडत नव्हती इतकंच.

"कोइनेत," तो म्हणाला.

"ऐकू नाही आलं."

गाडीत नोलारीने वांगेचीचा हात पकडला. तिची नखं सुनेच्या मनगटात रुतली. वांगेचीने हात सोडवला नाही.

म्हाताऱ्याने श्वास घेतला आणि समोरच्या झुडपांवरून, उतारावरून, पार खालच्या माळापर्यंत जाईल अशी हाक मारली, मागचा भाग लांबवून. "कोइनेत!"

झुडपांतली पाखरं उडाली.

"ओ," त्याच्या पाठीमागून पोर म्हणालं.

म्हाताऱ्याने चादर खाली घेतली नाही. गाल ओले झाले, तेही पुसले नाहीत. हात मोकळे नव्हते.

"आता येतेय," कोइनेत म्हणाला, आणि मागे चाकावर धार पडल्याचा आवाज आला. बराच वेळ येत राहिला. परसालोई झुडपांवर नजर ठेवून, चादर पसरून, पोराचं होईपर्यंत तिथे उभा राहिला.